आर१५ ट्रॅक डेसाठी तयार करायची आहे. कापसाचे चाळीस हजार, आधी कुठे घालू?

पांढरकवडा_१५५ | ९ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार. पांढरकवड्यापासून अकरा किलोमीटरवर गाव, दहा एकर कोरडवाहू, कापूस नि तूर. गाडी यामाहा आर१५ व्ही३, २०१९ ची, एबीएसवाली. ४१ हजार किलोमीटर झाले. शेत, जिनिंग, बाजार, कधीमधी यवतमाळ, एवढंच तिचं फिरणं.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर ट्रॅक डे आहे, म्हणजे फी भरून आपली गाडी बंद ट्रॅकवर चालवायचा दिवस. फी भरून झाली. सीतादहीची पूजा झाली, पहिल्या वेच्याचा कापूस विकला आणि बाबांनी त्यातले चाळीस हजार माझ्या हातावर ठेवले. म्हणाले, जायचंच आहे तर तयारीनं जा.

डोक्यात आहे ते असं: फुल सिस्टम एक्झॉस्ट (सायलेन्सर पाइपासकट नवा), मोकळा एअर फिल्टर, मागे १५० चा टायर, पुढचा स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) एक दात कमी. उरले तर हातमोजे आणि बूट. हेल्मेट आहे. मी ट्रॅक कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही, त्यामुळे काही चुकत असेल तर मोकळेपणानं सांगा.

---

दिग्रस_गॅरेज | ९ नोव्हेंबर, रात्री १०:२५

भाऊ, यादी उलटी धर. जे शेवटी लिहिलं ते पहिले कर.

तेवीस वर्षं झाले गॅरेज चालवून रायलो. सायलेन्सर मोकळा करून मांगणारे पोट्टे रोज येतात. १५५ सीसीत नुसत्या सायलेन्सरनं आवाज वाढते, गाडी नाई वाढत. फ्यूल मॅप, म्हंजे पेट्रोल-हवेचं सेटिंग, न बदलता मोकळा केला तर मिश्रण पातळ होते अन् इंजिन तापते. मोकळा एअर फिल्टर तर आपल्या भागात लावूच नको. काळ्या मातीचा फुफाटा आत गेला का रिंग-पिस्टन खाते. कंपनीचाच नवा फिल्टर टाकजो.

पहिले गाडी खोल. आपल्या इकडच्या गाडीत तीन जागा म्या नेहमी खराब पाह्यल्या.

रेडिएटर. तू जिनिंगच्या यार्डात जातो म्हणतो, तर जाळीत रुई बसली असन, तिच्यावर चिखल वाळून पापडी झाली असन. वरून दिसत नाई. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरनं मारू नको, पत्त्या वाकतात. फॅन सोडून साध्या नळीनं इंजिनाच्या बाजूनं समोर पाणी मार, मऊ ब्रश घे.

कोनसेट, म्हंजे हँडलाचं बेअरिंग. पुढचा चक्का अधर कर अन् हँडल एका बोटानं हळू फिरव. मधात खटकन बसल्यावाणी वाटलं तर गेला समज. गावातले खड्डे अन् नाल्यावरचे रपटे त्याले खातात.

चेन. मागच्या स्प्रॉकेटच्या पाठीमागून चेन बोटानं ओढ. अर्धा दात उघडा पडला तर चेन सेट नवा. एखादी कडी जाम असन तरी नवा.

हे झाल्याबिगर दुसरं काहीच घेऊ नको.

---

वैनगंगाकाठ | १० नोव्हेंबर, सकाळी ७:०५

गॅरेजवाल्या काकांशी पूर्ण सहमत. मी भंडाऱ्याची, याच ट्रॅकवर तीनदा जाऊन आले, गाडी ड्यूक २००. तुझ्या पैशांचा पहिला हप्ता तुझ्या अंगावर जायला हवा.

लेदर सूट विकत घेऊ नकोस, त्यातच सगळे पैसे संपतील. आयोजकांना आजच विचार, काही ठिकाणी भाड्यानं मिळतो. आपल्या मापाचा आधी सांगून ठेवावा लागतो. ढगळ सूट घसरताना अंगावर फिरतो आणि कोपराचं कवच कोपरावर राहत नाही. हातमोजे मनगट झाकणारे, तळहाताच्या टाचेवर स्लायडर (घसरणारा कडक तुकडा) असलेले घे. बूट घोट्याच्या वर. पाठीचं कवच वेगळं घ्यावं लागलं तरी घे. हेल्मेट किती जुनं आहे? पाच वर्षं झाली असतील किंवा एकदाही जोरात पडलं असेल तर नवं. पट्टा दुहेरी कडीचा हवा. खटक्याचा पट्टा बऱ्याच ठिकाणी तपासणीतच नाकारतात.

दुसरा हप्ता ब्रेकला. हे जरा सविस्तर सांगते, कारण मी इथेच चुकले होते.

पहिल्या वेळी मी पॅड नवे टाकले आणि ब्रेक ऑइल तसंच ठेवलं. डबीत रंग बरा दिसत होता. तिसऱ्या सेशनला चौथ्या फेरीत लिव्हर दाबला तर थेट हँडलला टेकला. सरळ रस्त्याच्या शेवटी. दोनदा पंप केल्यावर थोडा दाब आला. मी वळण सोडून सरळ मातीत गेले, गाडी उभी राहिली, पडले नाही. पण ते चार सेकंद मला अजून आठवतात.

कारण साधं आहे. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. नवं डॉट ४ निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शिरलेल्या ऑइलसाठी तोच आकडा १५५ वर येतो. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर ते बुडबुडेच दाबत बसतो. गावातल्या रस्त्यावर डिस्क तेवढी तापतच नाही, म्हणून दोन पावसाळे जुनं ऑइलही चालून जातं. ट्रॅकवर वीस मिनिटं सलग ब्रेक मारतो आपण. डॉट ५.१ घेतलंस तर आणखी बरं, कोरडं २६०, ओलं १८०. मात्र डॉट ५ नको. आकडा जवळचा दिसतो, पण ते सिलिकॉनचं असतं आणि आपल्या गाड्यांच्या ब्रेकमध्ये चालत नाही. बाटली सीलबंद घे, उरलेली पुढच्या वर्षासाठी ठेवू नकोस.

ट्रॅकला निघण्याच्या आठवड्यात पुढचं-मागचं दोन्ही बदल, हवा पूर्ण काढ. पैसे उरले तर पुढे स्टीलच्या जाळीची ब्रेक नळी. रबरी नळी जुनी झाली की दाबानं किंचित फुगते आणि लिव्हर मऊ लागतो.

---

चंद्रपूर_ते_होसूर | १० नोव्हेंबर, दुपारी १:५०

मूळचा चंद्रपूरचा, नोकरी होसूरला, वर्षातून दोन-तीनदा ट्रॅकवर असतो. दोन गोष्टींवर बोलतो.

१५० चा टायर नको. व्ही३ ला मागे १४०/७०-१७ येतो आणि रिम त्याच्याच मापाची आहे. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की तो दोन्ही बाजूंनी चिमटला जातो, मधला भाग टोकदार होतो. उभी असताना गाडी छान दिसते, पण वळणात टेकणारा भाग बिघडतो आणि गाडी झुकवायला जड होते. कंपनीच्याच मापात मऊ रबराचे चांगले टायर घे, दोन्ही एकदम. घेताना बाजूवरचे चार आकडे वाच. ३२२४ म्हणजे २०२४ सालचा ३२ वा आठवडा. दुकानात तीन-चार वर्षं उन्हात पडलेला टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नकोस.

स्प्रॉकेटला यंदा हातही लावू नकोस. पुढचा एक दात कमी करणं म्हणजे मागचे साडेतीन-पावणेचार दात वाढवल्यासारखं. वळणातून उठताना बरं वाटतं, पण सरळ रस्त्यावर गाडी लवकर लिमिटरला, म्हणजे इंजिनाच्या फिरण्याच्या कमाल मर्यादेला, लागते. इरुंगट्टुकोट्टईची फेरी ३.७ किलोमीटरची. ट्रॅक शिकण्याआधी गिअरिंग बदललं तर काय बदललं तेच कळणार नाही. पहिल्यांदा येताना छोटी गाडी आहे याचा आनंद मान. नोएडाजवळच्या बुद्ध ट्रॅकच्या ५.१२५ किलोमीटरवर १५५ सीसी घेऊन सरळ रस्ता संपायची वाट पाहावी लागते. इथे किंवा कोइम्बतूरच्या कारीवर, २.१ किलोमीटर, छोटी गाडी तुला वळणं शिकवते.

आणि जानेवारी निवडलास ते उत्तम. ऑक्टोबर ते डिसेंबर चेन्नईत पाऊस असतो.

---

वणी_रात्रपाळी | १० नोव्हेंबर, रात्री ११:३५

भाऊ, हजार किलोमीटर जायचं, एवढा खर्च करायचा, तो कशासाठी? समृद्धीवर टू-व्हीलरला बंदी आहे ते ठीक, पण आपल्याकडे चौपदरी काय कमी आहे का. अकरानंतर रस्ता रिकामा असतो. आमची सात-आठ जणांची मंडळी शनिवारी गाड्या काढते. टायर घे आणि ये.

---

पांढरकवडा_१५५ | ११ नोव्हेंबर, सकाळी ६:१०

दादा, राग नाही, पण याचं उत्तर मला द्यायलाच हवं.

माझा मामेभाऊ अशाच रिकाम्या रस्त्यावर गेला. रात्री साडेअकरा, समोर कापसाची ट्रॉली, मागे रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही. ट्रॉलीवाल्याला तरी काय बोलणार, तो दिवसभर जिनिंगच्या रांगेत उभा राहून घरी चालला होता. भाऊ एकोणीस वर्षांचा होता. त्याच्याचबरोबर मी गाडी शिकलो.

रस्ता रिकामा आहे असं आपल्याला फक्त दिव्याच्या उजेडापुरतंच माहीत असतं. त्यापुढं रानडुक्कर आहे, रोही आहे, पाणी द्यायला निघालेला कोणी आहे, ते दिसत नाही. मला वेग आवडतो आणि तो मी सोडणार नाही. म्हणूनच हजार किलोमीटर जातोय.

---

दशासरचा_म्हातारा | ११ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

पोरा, बरोबर बोललास. आमच्या तळेगाव दशासरचा शंकरपट साऱ्या विदर्भाला माहीत. माझ्या वडिलांची जोडी पटात धावायची. पट मोकळा झाल्याशिवाय, दुतर्फा माणसं मागे सरल्याशिवाय जोडी सुटत नाही, आणि पुढे बैल थांबायला जागा राखलेली असते. गाडीवाटेवर कोणी जोडी सोडली तर माझे वडील त्या माणसाशी बोलणं टाकायचे. आधी महिनाभर बैलाचे खूर, पाय, खुराक बघायचे. तुमच्या मोटारसायकलीचं तेच चाललेलं दिसतं.

---

वणी_रात्रपाळी | ११ नोव्हेंबर, दुपारी ४:००

भाऊ, माहीत नव्हतं. माफ कर. धागा वाचत राहतो.

---

अकोला_कोर्टरोड | ११ नोव्हेंबर, रात्री ८:१५

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण यावर फार गैरसमज आहेत.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल रस्त्यावरच्या वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच म्हटलं. कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पॅड, ऑइल, त्याच मापाचे टायर, चेन सेट ही देखभाल झाली, त्यात अडचण नाही. आरसे काढणं, नंबर प्लेट काढणं, दिव्यांना टेप लावणं हे ट्रॅकच्या गेटाच्या आतच करायचं. परतताना सगळं जागेवर.

रस्त्यावरच्या शर्यतीला कलम १८९ आहेच.

आणि विमा. तुमची पॉलिसी काढून बघा. शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर गाडी पडली तर खर्च तुमचा, हे धरूनच जा.

---

दिग्रस_गॅरेज | १२ नोव्हेंबर, रात्री ९:५०

कूलंटचं कोणी बोललं नाई. मी म्हणतो चांगलं नवं कूलंट टाक अन् जा. चेन्नईचं ऊन, वीस-वीस मिनिटं गाडी पेटलेली रायन.

---

चंद्रपूर_ते_होसूर | १३ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

काका, इथे मात्र थोडा वेगळा विचार करावा लागतो. कूलंटमध्ये ग्लायकॉल असतं. गाडी पडून रेडिएटर फुटला की ते रस्त्यावर तेलासारखं पसरतं, लवकर वाळत नाही आणि मागचे चार जण त्यावर घसरतात. म्हणून बऱ्याच शर्यतींच्या नियमांत ग्लायकॉल चालत नाही, नुसतं डिस्टिल्ड पाणी लागतं. ट्रॅक डेला सक्ती असेलच असं नाही, आयोजकांना विचारून घे.

पाणी उकळेल ही भीती बरोबर आहे, पण रेडिएटरची कॅप दाब धरते. १.१ बारची कॅप असेल तर पाणी १२० अंशांच्या पुढेच उकळतं. अट एकच, कॅपचं रबर चांगलं हवं. बोअरचं पाणी अजिबात नको. आपल्या भागातल्या क्षारांनी आतून थर धरतो. बॅटरीत टाकतो ते पाणी घे. घरी परतल्याबरोबर पाणी काढून कूलंट भर, नाहीतर आतून गंज धरेल.

---

दिग्रस_गॅरेज | १३ नोव्हेंबर, दुपारी १२:१०

हे मले माईत नव्हतं. मागच्याची काळजी म्हणून असन तर पाणीच बरोबर. पोरा, गाडी माह्याकडे आण. मजुरी नाई घेत. मले बी ती गाडी ट्रॅकसाठी खोलून पाहाची हाय.

---

पांढरकवडा_१५५ | २१ डिसेंबर, रात्री १०:००

उशीर झाला, दुसरा वेचा सुरू होता. दोन रविवार दिग्रसला काकांकडे गेलो. काय निघालं ते लिहितो, दुसऱ्या कोणाच्या कामी येईल.

रेडिएटरचा खालचा एक तृतीयांश भाग पूर्ण बंद होता. रुई, चिखल आणि मेलेले किडे. साफ व्हायला दोन तास लागले. कोनसेट गेलेला होता, मधोमध खटका. मी दोन वर्षं त्याच हँडलनं चालवत होतो आणि मला वाटायचं गाडीची सवयच तशी आहे. डाव्या फोर्कचा सील पाझरत होता. ते तेल खाली ब्रेकच्या कॅलिपरकडे उतरत होतं, हे पाहून काका बराच वेळ काही बोलले नाहीत. दोन्ही सील नवे, फोर्क ऑइल कंपनीच्याच ग्रेडचं, दोन्हीकडे मोजून सारखं. चेन सेट नवा. पुढचे पॅड नवे.

नंतर तारेचं काम. ऑइल ड्रेन बोल्टच्या डोक्याला बारीक भोक पाडून ०.८ मिलीमीटरची स्टेनलेस तार बांधली, अशी की बोल्ट सुटायला लागला तर तार त्याला आवळण्याच्या दिशेनं ओढेल. ऑइल भरायच्या झाकणालाही तशीच. भोक पाडताना एक बोल्ट मोडला, दुसऱ्यावर जमलं.

पैसे: टायर दोन्ही, हातमोजे, बूट, पाठीचं कवच, नवं हेल्मेट, चेन सेट, कोनसेट, सील, पॅड, ऑइल. ३६ हजार ८०० गेले. सूट भाड्यानं ठरवला. सायलेन्सर कंपनीचाच आहे.

रोज संध्याकाळी बाजार समितीच्या रिकाम्या यार्डात, सचिवांना विचारून, दोन विटा ठेवून आठाचा आकडा काढतो. वेग वीस-पंचवीसच. आधी झाडून घ्यावं लागतं, सांडलेल्या तुरीच्या दाण्यावर टायर घसरतो.

---

वैनगंगाकाठ | २२ डिसेंबर, सकाळी ७:४०

फार छान काम झालंय. सील पाझरून पॅडवर तेल येणं ही ट्रॅकवर कळायची गोष्ट नव्हेच, ती तुम्ही घरी पकडलीत.

एक लक्षात ठेव. नवे टायर पहिल्या सेशनला गुळगुळीत असतात, अगदी हळू घास. हवा सकाळी थंडीत मोज आणि सेशन संपवून आल्याआल्या पुन्हा मोज. दहा अंश तापलं की साधारण एक ते दीड पीएसआय वाढतं. दोन्ही आकडे वहीत लिही. वाहतुकीचं काय ठरलं? रेल्वे पार्सलनं पाठवणार असशील तर टाकी रिकामी करावी लागते, आरसीची प्रत जवळ ठेव.

---

दिग्रस_गॅरेज | २२ डिसेंबर, रात्री ९:००

रेल्वे नाई. माह्या साडूची पिकअप हाय. मी बी चाललो.

---

पांढरकवडा_१५५ | २ फेब्रुवारी, रात्री ८:३०

आलो परत. गाडी उभी, मी उभा.

पांढरकवड्याहून आदिलाबाद, हैदराबाद, ओंगोल, नेल्लोर करत गेलो. काका आणि मी आलटूनपालटून पिकअप चालवली. गाडी बांधताना पट्टे फोर्कच्या खालच्या टीला (दोन्ही फोर्क धरणाऱ्या जोडपट्टीला) लावले आणि शॉकअप अर्धाच दाबला. पूर्ण दाबून हजार किलोमीटर नेलं असतं तर नव्या सीलांवर ताण आला असता, हे काकांचं म्हणणं.

तपासणीत तार, ब्रेक, चेन, हँडलचा खेळ, थ्रॉटल सोडल्यावर आपोआप बंद होतो का, एवढं बघितलं. आरसे आणि नंबर प्लेट तिथेच काढली, हेडलाइटला टेप. काच फुटली तर तुकडे रस्त्यावर उडू नयेत म्हणून.

पहिलं सेशन प्रशिक्षकाच्या मागे. मला वाटलं होतं वेग जाणवेल. जाणवलं ते डांबर. एवढा स्वच्छ, सपाट, एकही खड्डा नसलेला रस्ता मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. समोरून काही येणार नाही हे शरीराला पटायलाच दोन सेशन गेले. प्रत्येक वळणाच्या आतल्या बाजूला मी कोणीतरी उभं असेल असं शोधत होतो. तिसऱ्या सेशनला ते थांबलं आणि नजर वळणाच्या बाहेर, पुढे जायला लागली. तिथून गाडी आपोआप वळायला लागली.

मागे हवा सकाळी २८ होती, सेशननंतर ३३. २ कमी केली, पुढच्या वेळी वळणात गाडी घट्ट बसली. ब्रेकचा लिव्हर शेवटच्या सेशनपर्यंत सकाळइतकाच कडक होता. ताई, त्यासाठी तुमचे आभार मानावे तेवढे थोडे. तापमानाची काळजी होती, पण पाण्यावर गाडी पूर्ण दिवस नीट चालली.

फेरीची वेळ: पहिल्यांदा दोन मिनिटं एकेचाळीस, शेवटी दोन चौतीस. तिथले रोजचे आर१५ वाले माझ्या कितीतरी पुढे आहेत. एक जण माझ्यासारखीच गाडी, माझ्यासारखाच कंपनीचा सायलेन्सर घेऊन बाहेरून निघून गेला. वळणं घ्यायची त्याची रेषा मी अर्धी फेरी पाहिली.

उणीव सांगायची तर पुढचा शॉकअप. जोरात ब्रेक मारला की पुढून खूप बसते आणि वळणात शिरताना डोलते. उजवा फुटरेस्टही दोनदा टेकला.

मामेभावाचं नाव हेल्मेटच्या आत लिहून नेलं होतं. एवढंच.

---

चंद्रपूर_ते_होसूर | ३ फेब्रुवारी, सकाळी ९:१५

अभिनंदन. पहिल्याच दिवशी सात सेकंद कमी झाले, ते कोणत्याही पार्टानं झाले नसते.

शॉकअपचं: पुढच्या वेळी फोर्क ऑइल एक ग्रेड घट्ट टाकून बघ, पण ते गावातल्या रस्त्यावर हातांना दणके देईल. तू त्याच गाडीवर शेतात जातोस. दोन्हीतलं मधलं काहीतरी काढावं लागेल. फुटरेस्ट टेकला म्हणजे गाडी जास्त झुकवतोयस आणि अंग वळणाच्या आत कमी काढतोयस. रिअरसेट (वर-मागे बसणारे फुटरेस्ट) घेण्याआधी शरीर आत न्यायला शीक. टाकीच्या बाजूंना पकडीसाठी रबरी पॅड चिकटव, गुडघा टेकवायला आधार मिळेल.

---

दिग्रस_गॅरेज | ३ फेब्रुवारी, रात्री ९:३०

म्या आल्याआल्या पाणी काढलं, कूलंट भरलं. इंजिन ऑइल बी बदललं, काळं झालं होतं पण चुरा नाई. मागचे पॅड अर्धे उरले. पुढचे डाव्या बाजूनं जास्त घासले, कॅलिपरच्या पिना साफ करून ग्रीस लावतो.

---

वणी_रात्रपाळी | ४ फेब्रुवारी, पहाटे ५:५०

ड्युटीवरून आताच आलो, सगळं एका दमात वाचलं. शनिवारची मंडळी आता निघत नाही. दोघं सोडून बाकी कोणी येईना, मग आम्हीच बंद केलं. माझी पल्सर २२० आहे, २०१६ ची, ५८ हजार. काका, दिग्रसला कधी आणू? आणि पुढच्या वेळी पिकअपमध्ये जागा होईल का?

---

दिग्रस_गॅरेज | ४ फेब्रुवारी, सकाळी ८:००

रविवारी आण. रेडिएटर नाई तिले, ऑइल कूलर हाय, त्याच्या पत्त्या पाहू. पिकअपमधी दोन गाड्या बसतात. एकीचं तोंड पुढं अन् दुसरीचं मांगं केलं का हँडल हँडलले लागत नाई. टेपानं मोजून पाह्यलं म्या.